म्हैस गाभडली, वार हाताने काढली, आता ताप हटत नाही. संबंध असेल का?

तुमचा प्रश्न असा: म्हैस आठव्या महिन्यात गाभडली, अडकलेली वार (वासरामागून पडणारा गर्भाचा पडदा) तुम्ही उघड्या हाताने ओढून काढली, आणि पुढे काही आठवड्यांनी सुरू झालेला ताप टायफॉइडच्या गोळ्यांनीही उतरत नाही. संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरते.

मी पशुवैद्यक आहे, माणसांचा डॉक्टर नाही. पण हे वाचून पहिली शंका ब्रुसेलोसिसचीच येते, म्हणजे ब्रुसेला जंतूंमुळे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या आजाराची. शेवटच्या तीन महिन्यांत गाभडणं आणि वार अडकणं ही त्याची जुनी खूण. वारेत, गर्भाच्या पाण्यात हे जंतू अक्षरशः खच्चून भरलेले असतात. हाताला गवताने कापलेली एखादी चीर त्यांना पुरते. डोळ्यात उडालेला थेंबही पुरतो. लागण झाल्यावर ताप यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर म्हशीची गोष्ट घरात कुणाच्या लक्षातही नसते. डॉक्टर विचारत नाहीत, आपण सांगत नाही.

म्हणून उद्याच एमडी फिजिशियनकडे जा आणि तोंड उघडताच म्हशीचं सांगा. ब्रुसेलाची रक्ततपासणी मागा. रोझ बेंगॉल चाचणी आम्ही जनावरांसाठीही करतो. पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा (सीरमचा) एक थेंब, शेजारी गुलाबी द्रावणाचा एक थेंब, दोन्ही काडीने मिसळून फरशी हलवायची. चार मिनिटांत गुलाबी कण दिसले तर संशय पक्का. मग पुढची खात्री करायची. कल्चरला, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायला, रक्त गेलं तर ब्रुसेलाचा संशय आहे हे लॅबला आधी कळवायला सांगा, कारण तिथे काम करणाऱ्यांनाही तो लागतो.

निदान झालं तर बहुधा दोन औषधं जोडीने, किमान सहा आठवडे. यातलं रिफाम्पिसिन घेतलं की लघवी लालसर होते. ती बघून घाबरून, किंवा ‘ही तर टीबीची गोळी’ म्हणून लोक दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात. मग आजार उलटतो आणि मणक्यात, सांध्यांत, पुरुषांच्या अंडकोशात जाऊन बसतो.

आता म्हशीचं. तिचंही रक्त तपासून घ्या. निकाल येईपर्यंत दूध चांगलं उकळूनच प्या, धारोष्ण नको. गोठ्यातल्या कामापासून घरातल्या गरोदर बाईला लांब ठेवा. पुढच्या वेळी वार आणि मेलेलं वासरू ओढ्यात किंवा कुत्र्यांपुढे न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. आणि कृपा करून, म्हैस पॉझिटिव्ह निघाली तर गुपचूप बाजार दाखवू नका. आमच्या भागात हा रोग पसरतो तो याच वाटेने. जनावराला यावर भरवशाचा इलाज नाही, पण लस आहे, सरकारी मोहिमेत मोफत मिळते. ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या वगारींना आणि कालवडींना, आयुष्यात एकदाच. लस जिवंत जंतूंची असते, तेव्हा टोचताना वगार धरणाऱ्यानेही हातमोजे घालावेत.