वायर लावली की इंटरनेट जातं, असं काऊन?

प्रश्न: नमस्कार भाऊ, इतवारीत काकांचं किराण्याचं होलसेल दुकान आहे, तिथला हिशोब मी बघतो. लॅपटॉपवर डेबियन लिनक्स आहे. इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून घेतो, ते बरोबर चालते, पण बिलाच्या प्रिंटरसाठी दुकानाच्या स्विचची वायर लावली की इंटरनेट बंद होऊन राहिलं. वायर काढली की सुरू. वायर बदलून पाहिली, तेच. एकानं सांगितलं ड्रायव्हर गेला, फॉरमॅट मार. आयपी रूट कमांड मारली तर डिफॉल्टच्या दोन ओळी दिसतात, एकीपुढं मेट्रिक १०० आणि दुसरीपुढं ६००. आणखी एक, कळमन्याच्या गोदामातला पीसी १९२.१६८.२० च्या नेटवर्कवर आहे, तिकडं जाणारा राउटर दुकानात १९२.१६८.१.५ वर आहे, पण गोदामाला पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघायची कमांड) लागत नाही.
(एक वाचक, इतवारी)

उत्तर: फॉरमॅट अजिबात मारू नका भाऊ, ड्रायव्हर ठणठणीत आहे, तो खराब असता तर वायर लावल्यावर ती दुसरी डिफॉल्ट ओळ टेबलात आलीच नसती. उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, त्या १०० आणि ६०० मध्ये.

असं बघा, राउटिंग टेबल म्हणजे रस्त्यांची यादी. कामठीला जायचं तर कामठी रोड, वर्ध्याला जायचं तर वर्धा रोड, आणि यादीत नाव नसलेल्या कुठल्याही गावाला जायचं असेल तर सरळ स्टेशन गाठा, हे स्टेशन म्हणजे डिफॉल्ट रूट. तुमच्याकडं दोन स्टेशनं झाली आहेत, आणि दोन असली की ज्याचं मेट्रिक कमी तिकडं सगळं पाठवायचं हा नियम. नेटवर्क मॅनेजर (लिनक्समध्ये नेटवर्क जोडून देणारा प्रोग्राम) वायरला १०० आणि वायफायला ६०० देतो, कारण वायर सहसा जास्त भरवशाची. म्हणून वायर लावली रे लावली की सगळं त्या स्विचवरच्या राउटरकडं जातं, त्याच्या पुढं इंटरनेट आहे का नाही हे कर्नल (लिनक्सचा गाभा) बघत बसत नाही, गाड्याच सुटत नाहीत अशा स्टेशनावर माणसं नेऊन सोडल्यासारखं होतं ते.

खात्री करायला आयपी रूट गेट ८.८.८.८ (हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता) मारा (कमांड इथं बोलतो तशा लिहिल्या आहेत, टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरं वापरा). त्या पत्त्याचं पॅकेट (डेटाचा तुकडा) कुठल्या इंटरफेसवरून, म्हणजे वायरवरून का वायफायवरून, निघणार ते एका ओळीत दिसतं, आणि खरं सांगतो, ही एक कमांड लोकांना माहीत असती तर निम्मे फॉरमॅट वाचले असते.

आता इलाज. सुडो आयपी रूट डेल डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१, म्हणजे जो काय तुमच्या दुकानातल्या राउटरचा पत्ता असेल तो, एवढं केलं की इंटरनेट लगेच सुरू व्हायला पाहिजे. प्रिंटरचं काही बिघडत नाही, कारण १९२.१६८.१.०/२४ ची, म्हणजे दुकानाच्या नेटवर्कची, ओळ वेगळी आहे आणि ती तशीच राहते. पण आयपी कमांडनं केलेलं रीबूट झालं की जातं, वायर काढून लावली तरी जातं. कायमचं करायला नेटवर्क मॅनेजरची कमांड वापरा: एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, पुढं वायरच्या कनेक्शनचं नाव, पुढं आयपीव्हीफोर डॉट नेव्हर-डिफॉल्ट येस, आणि मग एनएमसीएलआय कनेक्शन अप करून तेच नाव. एवढं करूनही ८.८.८.८ ला पिंग जाते पण वेबसाइट उघडत नाही असं झालं तर रूट बरोबर आहे, घोळ डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) आहे, वायरवरून आलेला डीएनएस सर्व्हर बंद करायला आयपीव्हीफोर डॉट इग्नोर-ऑटो-डीएनएस येस करा.

गोदामासाठी सुडो आयपी रूट ॲड १९२.१६८.२०.०/२४ व्हाया १९२.१६८.१.५. जास्त नेमकी ओळ असली की डिफॉल्ट बाजूला राहतो, म्हणून याचं हॉटस्पॉटशी भांडण होणार नाही. एवढ्यावर पिंग लागली नाही तर लॅपटॉपशी झटू नका, गोदामातल्या पीसीवर जाऊन बघा. तुमचं पॅकेट तिथं पोचत असेल, पण परत १९२.१६८.१ कडं यायचा रस्ता त्या पीसीला किंवा त्याच्या राउटरला माहीत नसेल. जायचा रूट सगळे टाकतात, यायचा विसरतात. आणि कधी नवीन राउटर घेतला तर त्याचा पत्तापण १९२.१६८.१ मधलाच नाही ना ते बघा, दोन्हीकडं एकच नेटवर्क असलं की कुठलं पॅकेट कुठं जाईल याचा नेम नाही.

प्रश्न: दादा, मी मानेवाड्याहून कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरवर एसएसएचनं (लांबून कमांड द्यायची सोय) काम करते. रूट बदलताना चुकून डिफॉल्ट उडवला आणि कनेक्शनच तुटलं, सरांना फोन करून रीस्टार्ट करायला लावलं. हे टाळता येतं का?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर: येतं ताई, आणि ही सवय लावूनच घ्या. मी एकदा अमरावतीच्या मशीनवर हेच केलं होतं आणि सकाळची बस पकडून दीडशे किलोमीटर जावं लागलं होतं, फक्त एक ओळ परत टाकायला. आता दूरच्या मशीनचं नेटवर्क हलवायच्या आधी सुडो शटडाउन -आर +१० मारतो. तुटलंच तर दहा मिनिटांनी मशीन स्वतः रीबूट होतं आणि आयपी कमांडनं केलेलं सगळं पुसून जुनं सेटिंग येतं. सगळं नीट झालं तर सुडो शटडाउन -सी मारून रीबूट रद्द करायचं, हे मात्र विसरू नका, आणि सर्व्हरवर दुसरं कुणी काम करत असेल तर आधी त्यांना सांगा. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन (नेटवर्कची सेटिंग ठेवणारा प्रोग्राम) असेल तर नेटप्लॅन ट्राय वापरा, १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर ते स्वतःच जुन्या सेटिंगवर जातं.