सुटीत काय करू, असं विचारलंस म्हणून

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

टॅलेंट अनलिमिटेड हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाल्याचा तुझा मेसेज आला आणि पाठोपाठ बाबांचाही आला. तुझ्या मेसेजमध्ये उड्या होत्या, बाबांच्या मेसेजमध्ये ‘लाग्वार्डियाचं झालं नाही’ एवढंच. म्हणून आधी बाबांना उत्तर देऊन मोकळा होतो, बाकीचं पत्र तुझं.

लाग्वार्डिया हे न्यूयॉर्कच्या कलाशाळांतलं मोठं नाव, वादच नाही. महापौर फिओरेलो लाग्वार्डियांनी 1936 मध्ये संगीत आणि चित्रकलेसाठी सरकारी हायस्कूल काढलं, पुढच्या दशकात नाटक-नृत्यासाठी दुसरं निघालं आणि 1984 मध्ये दोन्ही लिंकन सेंटर या कलासंकुलामागच्या एका इमारतीत आली. पण तिथे नाटकाचा विभाग वेगळा, गायनाचा वेगळा. एकात शिरलं की दुसऱ्याचं शिक्षण इकडून तिकडून गोळा करायचं. तुला हवं होतं म्युझिकल, म्हणजे गाणं, अभिनय आणि नाच एकाच वर्गात. त्यासाठी मॅनहटनमध्ये सरकारी शाळा म्हटल्या की माझ्या डोळ्यांसमोर दोन येतात: पश्चिम 48व्या रस्त्यावरची प्रोफेशनल परफॉर्मिंग आर्ट्स स्कूल आणि तुझी टॅलेंट अनलिमिटेड. तेव्हा बाबांना सांग, मुलगी दुसऱ्या पसंतीच्या शाळेत गेलेली नाही, तिच्या विषयाच्या शाळेत गेली आहे. फी एक पैसा नाही. बीजगणित, इतिहास, विज्ञान सगळं आहेच आणि दाखला शहरातल्या इतर पोरांसारखाच मिळणार. इंजिनिअरिंगचं दार कुणी बंद केलेलं नाही. ते तुला उघडायचंय का, हा प्रश्न चार वर्षांनी विचारा.

आता तुझ्याकडे येतो.

तू मंडळाच्या गणपतीत नाट्यपद म्हणतेस तेव्हा पेटीवर मी असतो, त्यामुळे तुझा गळा मला आतून बाहेरून माहीत आहे. आणि आठवडाभर मी ज्या खोल्यांमध्ये पियानो वाजवतो, तिथे तुझ्याएवढी मुलं म्युझिकलची गाणी म्हणायला येतात. या दोन्ही जागांवर बसल्यामुळे एक गोष्ट दिसते, ती तुला सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होण्याआधी सांगायला हवी. तुझा आवाज तिथे कमी पडणार नाही. पण गाणं सुरू झालं की तुझ्यातली नाटकवाली बाजूला होते आणि गाणारी पुढे येते. चेहरा बदलतो, हात आपोआप तालावर जातो, समोरच्या पात्राकडची नजर सुटून प्रेक्षकांकडे लागते. मंडळात याला टाळ्या पडतात. तिथे याच गोष्टीसाठी तुला थांबवतील, आणि पहिल्या महिन्यात तुला कळणारच नाही की सुरात गात असताना आपल्याला थांबवलं का.

ही सवय तुझी एकटीची नाही, ती आपल्याकडे चांगली शंभर वर्षं मुरलेली आहे. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारीच्या चाली दिल्या, त्या बालगंधर्वांच्या गळ्यात पडल्या, आणि पद म्हणजे नाटकाच्या मध्ये मांडलेली छोटी मैफल झाली. वन्स मोअरवर वन्स मोअर, प्रयोग पहाटेपर्यंत. रुक्मिणी पत्र लिहायची थांबली तरी चालेल, तान थांबता कामा नये. त्याला नावं ठेवायचा माझा अधिकार नाही, त्या गाण्यावरच मी वाढलो. पण ब्रॉडवे, म्हणजे इथली व्यावसायिक रंगभूमी, दुसऱ्या बाजूला गेली. 1927 च्या ‘शो बोट’ या म्युझिकलने सुरुवात केली आणि 1943 च्या ‘ओक्लाहोमा!’नंतर तिथे दंडकच पडला की गाणं संपताना कथा किंवा माणूस, दोहोंपैकी काहीतरी पुढे सरकलेलं असलं पाहिजे. गाण्याच्या शेवटी पात्र सुरुवातीला होतं तिथेच उभं असेल, तर ते गाणं कितीही गोड असलं तरी तालमीत कापलं जातं.

गंमत अशी की हे आपल्याला परकं नाही. टेंबे-बखल्यांच्या आधीचे अण्णासाहेब किर्लोस्कर बघ. 1882 चं ‘सौभद्र’ उघड. साकी, दिंडी, कामदा, अशा छोट्या छोट्या चालींमधून पात्रं एकमेकांशी चक्क बोलतात. कुणी विचारतं, कुणी उडवून लावतं, कुणी कट करतं, आणि सगळं पदातून. तान घ्यायला जागाच नाही, कारण समोरचा उत्तराची वाट बघतोय. तुझ्या आजीकडे पुस्तक असेलच. सुटीत त्यातलं एक संवादासारखं पद घे आणि आजीला समोर बसवून तिच्याशी बोलल्यासारखं म्हण. ती तुझ्याबरोबर गुणगुणायला लागली तर समज, तू गायला लागलीस. ती उत्तर द्यायला लागली तर जमतंय.

इंग्रजी गाण्यावर हाच अभ्यास असा करायचा. शब्द वहीत गद्यासारखे उतरवून काढ, ओळी मोडून, यमक दिसणार नाही असे. मग मोठ्याने नुसते बोल. गाणारं पात्र हे कुणाला सांगतंय? समोरच्याकडून त्याला काय हवंय? आणि मत कुठल्या शब्दावर बदलतं? प्रत्येक चांगल्या गाण्यात अशी एक जागा असते, कधी एखाद्या ‘पण’वर, कधी नुसत्या श्वासावर. ती सापडली की पेन्सिलीने खूण कर. त्यानंतरच सूर लाव. आणि सूर लावल्यावर ती खूण झाकली गेली, तर पुन्हा बोलण्यावर ये. वर्गात मुलं हे दहा मिनिटांत उरकतात आणि मग वरच्या सुराच्या मागे लागतात. वरचा सूर तुला आहेच, त्यामुळे तुझा वेळ वाचला, तो इथे घाल.

तुझ्या गळ्यातल्या काही गोष्टी तिथे उपयोगी पडतील, काही आडव्या येतील. लय पक्की आहे, पाठांतर पक्कं आहे. मींड मात्र आवर. आपण सुरावर खालून घसरत येतो, ते आपल्याला लडिवाळ वाटतं. तिथे स्वर छापलेला आहे तिथेच तो लागला पाहिजे. हरकती रोज वेगळ्या घेतल्या तर बरोबर गाणारी आठ मुलं गोंधळतील. समेवर येताना थोडं रेंगाळायची तुझी खोड आहे, मी पेटीवर सांभाळून घेतो म्हणून तुला ती जाणवत नाही. वाद्यवृंद सांभाळून घेत नाही.

खरी अडचण दुसरीच येणार आहे: दुसऱ्याचा सूर कानावर पडत असताना आपला वेगळा सूर धरून ठेवणं. आपल्याकडे तानपुऱ्याचा सा एकदा लागला की तो शेवटपर्यंत मालक. तिथे समूहगानात तुला बहुतेक खालची ओळ देतील, मूळ चाल शेजारची म्हणत असेल आणि तुझा कान दर दोन ओळींनी तिच्याकडे पळेल. त्यात गाण्याच्या मध्येच सा उठून दुसरीकडे जातो. शेवटचं कडवं पांढरी एकवरून काळी एकवर चढलेलं तू ऐकलं असशील, ते तर सोपं उदाहरण. यावर उपाय रियाजाचाच आहे. तानपुरा लावून तू गंधारावर उभी राहा आणि भावाला सा, रे, प असं फिरायला सांग. तो बेसूर आहे, हे इथे फायद्याचं आहे. गंधार हलला नाही की मग फोनवर मूळ चाल लावून खालची ओळ म्हण, अगदी हलक्या आवाजात, म्हणजे दोन्ही ऐकू येतील. मोठ्याने म्हटलीस तर तू फक्त स्वतःला ऐकशील आणि वाटेल जमलं.

स्वरलेखन वाचायला आत्ता लाग. अमेरिकी शाळांत बहुतेक ठिकाणी ‘डो रे मी’ सरकतं असतं, म्हणजे गाण्याची पट्टी कुठलीही असो, घरचा सूर ‘डो’. म्हणजे आपलं सारेगमच. तुला नवीन शिकायचंय ते फक्त पाच रेघांवरचे ठिपके ओळखायला. रोज चार ओळी, कागदावरून सरगम. सप्टेंबरपर्यंत तू वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या पुढे असशील, कारण बऱ्याच जणांनी गाणी ऐकून ऐकूनच पाठ केलेली असतात.

नाचाबद्दल फार सांगत नाही, तो माझा प्रांत नव्हे. आठाची मोजणी तुला अवघड नाही, तीनतालाचे दोन तुकडे केले की झालं. शिकवलेला तुकडा पटकन उचलणं अवघड असतं. त्यासाठी मागच्या भिंतीला जाऊन उभी राहू नकोस, दुसऱ्या रांगेत राहा.

ऑडिशनचं सांगतो, कारण तिथे मी पियानोवर असतो आणि माझा स्वार्थ आहे. बहुतेक ठिकाणी गाण्याचे सोळा बार, म्हणजे छापील स्वरलिपीतले सोळा खंड, मागतात. चार मात्रांच्या गाण्यात ते होतात तीनतालाच्या चार आवर्तनांएवढे, मध्यम लयीत जेमतेम अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात जिथे मत बदलतं ती जागा आली पाहिजे, म्हणून तुकडा निवडताना ती पेन्सिलची खूण बघ. सर्वांत वरचा सूर कुठे आहे, ते नंतर. कागद तीन कड्यांच्या फायलीत, पाठपोट, चकचकीत प्लास्टिकमध्ये नको, दिवा चमकतो आणि आम्हाला काही दिसत नाही. झेरॉक्स काढलीस की खालची ओळ बघ. डाव्या हाताचे स्वर कापले जातात आणि मग आम्ही अंदाजाने वाजवतो. सुरुवात कुठे, उडी कुठे, शेवट कुठे, ठळक लिही. सूर हवा असेल तर ‘पहिला स्वर द्या’ असं सांग, त्यात कमीपणा नाही. लय सांगताना पहिली ओळ हळू गुणगुणून दाखव. पियानोवाल्याच्या तोंडासमोर चुटक्या वाजवणारी मुलं रोज येतात. त्यांची लय आम्ही बरोबरच पकडतो, पण चुटक्याही लक्षात राहतात.

तुझ्याकडे ‘काहीतरी इंडियन’ म्हणायची फर्माईश येईलच. मनात असेल तर म्हण, नसेल तर ‘आज नाही’ म्हणून हस आणि तुझ्या फायलीतलं गाणं काढ. दोन्ही चालतं. फक्त त्या क्षणी ठरवू नकोस, आधीच ठरवून ठेव.

आवाज जप. चौदा-पंधराव्या वर्षी मुलींचाही आवाज बदलत असतो, मुलांइतका दणका बसत नाही म्हणून लक्षात येत नाही. छातीचा आवाज वर ओढून जोरात गायची तिथे फॅशन आहे. योग्य माणसाकडून शिकलीस तर ते तंत्र आहे, यूट्यूब बघून केलंस तर घसा बसेल. गाऊन झाल्यावर बोलायला त्रास झाला तर त्या दिवशी गाणं बंद. दोन आठवडे आवाज घोगरा राहिला तर डॉक्टर. हळद-दूध प्यायला माझी हरकत नाही, पण ते म्हणजे डॉक्टर नव्हे.

आणि आता या शहराचा फायदा घे. ज्याचे इतर गावांत लोक पैसे मोजतात ते इथे फुकट पडलंय. शाळेकडून विद्यार्थ्यांचं ओम्नी कार्ड, म्हणजे सबवे-बसचा मोफत पास, मिळेल, दिवसाला चार फेऱ्या, सुटीच्या दिवशीही. लिंकन सेंटरला परफॉर्मिंग आर्ट्सची सार्वजनिक लायब्ररी आहे. तुझं क्वीन्स लायब्ररीचं कार्ड तिथे चालतं का ते विचार, नाहीतर न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं काढ, राज्यात राहणाऱ्याला ते मोफत मिळतं. तिथे म्युझिकलच्या स्वरलिप्यांची पुस्तकं घरी न्यायला देतात, तेव्हा ऑनलाइन एकेक गाणं विकत घेत बसू नकोस. शिवाय, ब्रॉडवेचे प्रत्यक्ष प्रयोग चित्रित करून ठेवायचा उपक्रम तिथे 1970 पासून चालू आहे. ते तिथेच बसून, आधी वेळ ठरवून बघायचं. तुझ्या वयाला काय नियम आहेत ते काउंटरवर विचार, आणि शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांकडून चिठ्ठी मिळते का तेही. बघताना मुख्य पात्राकडे बघू नकोस. गाणं चालू असताना जे गात नाहीत ते काय करतात, ते बघ. पहिल्या वर्षी तुला तेच काम मिळणार आहे, आणि तू ते नीट करतेस की नाही हे शिक्षकांना पहिल्या आठवड्यातच दिसेल.

या धंद्यात पैसा आणि स्थैर्य आहे का, हे बाबांनी मला विचारलं. नाही. युनियनचं कार्ड असलेले, नाव असलेले लोकही कामाविना महिने काढतात, आणि काम मिळालं की आठवड्याला आठ प्रयोग. हे मी त्यांना फोनवर सांगितलंय, तुलाही सांगून ठेवतो, लपवण्यात अर्थ नाही. पण चार वर्षांच्या या शिक्षणाला तो हिशोब लावू नये असं माझं मत आहे. नववी-दहावीतली मुलगी रोज वीस जणांसमोर उभी राहून चुकते, सुधारते, दुसऱ्याचा सूर ऐकत आपला धरते, हे पुढे कुठेही वाया जात नाही. तुझ्या बाबांना हे पटलं नाही, आवाजावरून कळलं. त्यांना शाळेचा पहिला प्रयोग बघायला ने, माझ्या फोनपेक्षा त्याचा उपयोग होईल.

रोजचा प्रवास ई गाडीने लेक्सिंग्टनपर्यंत आणि तिथून सहा नंबरने 68व्या रस्त्यावर. गृहपाठ गाडीतच उरकत जा, घरी आल्यावर रियाज राहतो.

आईला नमस्कार. ‘सौभद्र’मधलं पद निवडलंस की कळव, पेटी घेऊन येतो.

तुझा,
काका

ता. क. बुटांसाठी आत्ताच पैसे घालू नका. कुठले आणि किती उंच टाचेचे लागतात, ते शाळा सांगते, आणि तुझा पाय अजून वाढतोय.