वाचकांचे प्रश्न : हवेची होडी, दोरीचं स्टिअरिंग आणि घासणारे टायर

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यावर जाळ्यांकडे जाण्यासाठी पीव्हीसीची हवेची होडी घेतली आहे. सकाळी हवा बरोबर भरतो. दुपारी काठावर ट्यूब दगडासारख्या टणक होतात आणि पाण्यात ढकलली की ढिल्या पडतात. गेल्या उन्हाळ्यात एक सांधा सुटला. गळती कुठेच सापडत नाही. — वाचक, करमाळा तालुका

उत्तर : गळती नाहीच, हा उन्हाचा परिणाम आहे. दाब मोजणारा मीटर फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढं दाखवतो, पण तापल्यावर वाढतो तो आतला एकूण दाब. आपल्या उंचीवर बाहेरचा दाब साधारण ०.९६ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) असतो. सकाळी २५ अंशाला ०.२५ बार भरलात की एकूण दाब १.२१ बार झाला. काळपट ट्यूब उन्हात ६० अंशांपर्यंत सहज तापते. तेव्हा एकूण दाब १२ टक्क्यांनीच वाढतो, म्हणजे १.३५ होतो, पण मीटरवर ०.२५ चा ०.३९ झालेला दिसतो. कापड थोडं ताणलं जातं म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा कमी येईल, एवढंच.

४० सेंटिमीटर व्यासाच्या ट्यूबवर ०.२५ बारला दर ५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर सुमारे २५ किलोचा ताण असतो. ०.३९ बारला तो ४० किलोच्या आसपास जातो, आणि त्याच वेळी चिकटवलेल्या सांध्यातला गोंद उष्णतेनं मऊ झालेला असतो. सांधा सुटतो तो या दोन्हींमुळे.

त्यामुळे होडी काठावर ठेवायची असेल तर सावलीत ठेवा, नाहीतर हवा ०.१५ पर्यंत कमी करा. पाण्यात उतरवल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा भरा. काठावर तापलेली असतानाच ०.२५ केलीत तर २८ अंशांच्या पाण्यात ती ०.१३ वर येते. तशी होडी मध्ये वाकते आणि वाऱ्यात हाताळता येत नाही. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावू नका, पायपंपच वापरा. सगळे कप्पे आळीपाळीनं थोडे थोडे भरा. एक कप्पा पूर्ण भरून दुसरा रिकामा ठेवला तर मधल्या पडद्यावर सगळा ताण येतो.

मीटर नसेल तर गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप घ्या. सात मीटर नळीचा यू आकार भिंतीवर उभा बांधा, निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि एक तोंड छोट्या नळीनं होडीच्या व्हॉल्व्हला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात २५५ सेंटिमीटरचा फरक पडला की ०.२५ बार झाले. स्वस्तातल्या मीटरपेक्षा ही नळी जास्त खरी.

दाब आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह बसवायचा असेल तर २० मिलिमीटरच्या छिद्रावर ०.३० बारला जोर ९.४ न्यूटन येतो. म्हणजे स्प्रिंग बंद स्थितीत जवळजवळ एक किलोनं दाबलेली हवी. ती स्टेनलेसचीच घ्या. बैठकीवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो तिथे, वाळूचा कण अडकला की असा व्हॉल्व्ह रात्रभर हवा सोडत राहतो, म्हणून त्यावर झाकण ठेवा.

प्रश्न : अशाच होडीच्या आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या) इंजिनला दोरी आणि पुल्या लावून चाक बसवलं. कधी दोरी ताठ, कधी ढिली, आणि चाक जरा फिरवलं की होडी एकदम वळते. — वाचक, टेंभुर्णी

उत्तर : पुल्या ट्यूबला चिकटवलेल्या असणार. वर सांगितल्याप्रमाणे ट्यूब दिवसभर फुगते आणि आक्रसते, त्याबरोबर पुल्यांमधलं अंतर बदलतं. पुल्या मागच्या कडक फळीवरून पुढे काढलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपवर घ्या.

दुसरं कारण भूमितीतलं आहे. इंजिनाचं हँडल फिरतं तेव्हा त्याचं टोक कंसात जातं. दोरी बांधलेलं टोक, इंजिन ज्या खुंटीवर फिरतं तिच्यापासून २५ सेंटिमीटर पुढे असेल, पुल्या मध्यरेषेपासून ५० सेंटिमीटरवर त्याच रेषेत असतील आणि हँडल ३५ अंश वळलं, तर दोरी चार-पाच मिलिमीटरनं ताणली जाते. पुल्या टोकाच्या रेषेपेक्षा सव्वादोन सेंटिमीटर मागे घेतल्या की हा फरक जवळपास नाहीसा होतो. राहिलेल्यासाठी एका बाजूला घट्ट स्प्रिंग पुरे. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून प्लॅस्टिकचं वेष्टन असलेली तार घ्या.

एकदम वळण्याचं कारण ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरून दोरी गुंडाळणाऱ्या रिळात आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी सुमारे २९ सेंटिमीटर सरकते. ड्रम १० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर चाकाचा पूर्ण फेराही होत नाही. ५ सेंटिमीटरचा घ्या, जवळजवळ दोन फेरे मिळतील आणि हातही हलका चालेल. चाक उजवीकडे फिरवल्यावर हँडलचं टोक डावीकडे गेलं पाहिजे. तसं होत नसेल तर ड्रमवरचे वेढे उलटे घ्या. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधल्याशिवाय आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय चाचणी घेऊ नका.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी चारचाकी छोटी गाडी बनवली. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) १५०० मिलिमीटर, किंग पिनमधलं (पुढची चाकं ज्या खुंट्यांवर वळतात त्यांच्यातलं) अंतर १०००. वळताना पुढचे टायर घासतात, आवाज येतो. — विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : दोन्ही चाकं सारख्याच कोनात वळत असणार. आतलं चाक लहान वर्तुळावर चालतं, त्याला जास्त वळावं लागतं. मागच्या ॲक्सलच्या मध्यावर वळणाची ४ मीटर त्रिज्या धरली तर तुमच्या गाडीत आतलं चाक सुमारे २३ अंश आणि बाहेरचं साडेअठरा अंश हवं. ही रचना म्युनिकच्या लांकेनस्परगर या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराची. इंग्लंडमध्ये तिचं पेटंट १८१८ साली अकरमननं घेतलं म्हणून नाव त्याचं पडलं.

कृती सोपी आहे. किंग पिनपासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत सुतळी ताणा. स्टिअरिंग आर्म (चाक वळवणारी दांडी) त्या सुतळीच्या रेषेत यायला हवा. तुमच्या मापांत हा कोन १८.४ अंश येतो. १२० मिलिमीटरचा आर्म असेल तर टाय रॉडचं (दोन्ही आर्म जोडणाऱ्या आडव्या दांडीचं) भोक किंग पिनपासून ११४ मागे आणि ३८ आत पडेल. टाय रॉड ॲक्सलच्या पुढे असेल तर आर्म बाहेरच्या बाजूला झुकवावे लागतात आणि ते चाकाला लागतात. म्हणून शक्यतो मागेच ठेवा. या मांडणीत कोन अगदी तंतोतंत जुळत नाहीत, पण अशा गाडीला ते पुरतं.

वेल्डिंग करण्याआधी बुश आणि बॉल जॉइंटमधला खेळ तपासा. एकानं चाक हलवायचं, दुसऱ्यानं सांध्यावर बोट ठेवायचं. खेळ असताना कोन जुळवण्यात अर्थ नाही. आणि दोन्ही टायरमध्ये हवा सारखी आहे ना, हे सगळ्यात आधी पाहा.

प्रश्न : होडीला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन चालेल का? — वाचक, पंढरपूर

उत्तर : पीव्हीसीवर नाही, ते रबरासाठी असतं. दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद आणि पीव्हीसीचाच ठिगळ घ्या, छिद्राच्या सगळ्या बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठा. हवा पूर्ण काढा, दोन्ही पृष्ठभाग अॅसिटोननं पुसा. गोंदाचे दोन पातळ थर द्या. प्रत्येक थर हाताला जेमतेम चिकटेल इतका सुकू द्या, मग ठिगळ मध्यापासून कडेकडे रूळ फिरवत दाबा. २४ तास हवा भरायची नाही. पावसाळ्यात दमट दिवशी हे काम करू नका, गोंदाखाली बाष्प अडकलं की ठिगळ कडेनं उचलला जातो.