ओळखीचं गाणं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं

प्रश्न : ताई नमस्कार, मी पुण्यात आयटीत आहे, वय २६. मागच्या आठवड्यात रात्री उशिरा काम करताना मोबाईलवर आपोआप एक गाणं लागलं, ‘ओव्हर द रेनबो’. हे शाळेत इंग्रजीच्या बाईंनी आम्हाला गॅदरिंगला शिकवलं होतं, त्यामुळे शब्द पाठ आहेत पण कधी काही वाटलं नव्हतं हो. या बाईने म्हटलेलं ऐकलं आणि लॅपटॉप बंद करून नुसती बसून राहिले. नाव एव्हा कॅसिडी, शोधलं तर कळलं की १९९६ लाच गेली, कॅन्सरने, ३३ व्या वर्षी. तेव्हापासून रोज ऐकतेय आणि रोज रडतेय. तिला आपलं मरण दिसत होतं म्हणून ती असं गायली असेल का? घरी कुणाला सांगितलं तर हसतात.
– एक वाचक, पुणे

उत्तर : हसू देत. चांगलं गाणं ऐकून रडू येणं यात लपवण्यासारखं काही नाही, उलट तुझे कान जागे आहेत असं मी म्हणेन.

मी तिला पहिल्यांदा ऐकलं २००१ च्या मे महिन्यात. भाची लंडनहून सुट्टीला आली होती, तिकडे तेव्हा घरोघरी तिची ‘साँगबर्ड’ हीच सीडी वाजत होती म्हणे, तर ती बॅगेतून घेऊन आली. आमच्याकडे दुपारचे दिवे गेलेले, प्लेअरमध्ये सहा सेल घातले, मी खाली सतरंजीवर बसून आंब्याच्या फोडींना मीठ-हळद लावत होते. पहिलं गाणं सुरू झालं, ‘फील्ड्स ऑफ गोल्ड’. गिटारचे चार सूर आणि मग तो आवाज, कसलीही घाई नाही, समोर बसून बोलल्यासारखा. माझे हात हळदीने माखलेले, डोळ्यांना पाणी आलं तर पुसताही येईना. त्यामुळे तुझी अवस्था मला चांगली कळते.

पण मरणाचं तू विचारलंस ना, तिथे मात्र मी तुला अडवणार आहे. तारखा बघ. ‘ओव्हर द रेनबो’चं स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं गाणं १९९२ सालच्या अल्बममधलं आहे, ‘द अदर साइड’ नावाचा, चक ब्राउन या वॉशिंग्टनच्या गो-गो, म्हणजे तिथल्या नाचाच्या तालाच्या, संगीतातल्या मोठ्या माणसाबरोबर तिने केलेला. तेव्हा ती धडधाकट होती. पाठीवरचा तीळ काढला तो १९९३ ला, मेलानोमा म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि तिने तो विषय मागे टाकला. ज्या कार्यक्रमामुळे ती आज जगाला माहीत आहे तो ‘ब्लूज अ‍ॅली’ या वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातल्या छोट्या क्लबातला, जानेवारी १९९६ चा. आजार परत उलटला तो त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, कंबर दुखायला लागली तेव्हा कळलं की सगळीकडे पसरलाय, आणि २ नोव्हेंबरला गेली. म्हणजे आपण जे ऐकून रडतो त्यातलं जवळपास सगळं गाताना तिला काहीच माहीत नव्हतं. ते दुःख आपण नंतर तिच्या आवाजावर नेऊन ठेवतो. माझं अगदी मनापासून म्हणणं आहे की असं केलं की तिच्या मेहनतीचं श्रेय आपण आजाराला देऊन टाकतो, आणि ते मला सहन होत नाही. हे तिचं गाणं आहे, तिने ते विचार करून, घासून, कमावून केलंय.

आता काय केलंय ते बघ. मूळ गाणं १९३९ च्या सिनेमातलं, हॅरल्ड आर्लेनची चाल, जूडी गार्लंडने म्हटलेलं, रेकॉर्डिंगच्या वेळी ती १६ वर्षांची होती. कॅन्ससच्या धुळकट शेतावरची मुलगी आभाळाकडे बघून म्हणते की तिकडे पलीकडे काहीतरी चांगलं असेल. पहिल्याच शब्दावर सूर खालच्या सा वरून थेट वरच्या सा ला जातो, पूर्ण सप्तकाची उडी, मुलांच्या तोंडी बसते ती त्या उडीमुळेच. एव्हा ते गाणं घेते आणि सगळं हळू करते, आपल्याकडे मध्यलयीतली चीज कुणी विलंबितात मांडावी तसं. लय सैल केली की शब्दांच्या मधे जागा तयार होते आणि बहुतेक गायक तिथे घाबरून काहीतरी भरतात, एखादी हरकत, एखादी मुरकी. ती भरत नाही, गिटारला बोलू देते आणि वाट बघते. सुरुवातीला आवाजाचा लगाव इतका हलका की स्वतःशीच गुणगुणतेय असं वाटावं. आणि शेवटी, ‘पक्षी जर उडून पलीकडे जातात तर मी का नाही’ असा जो प्रश्न आहे त्या गाण्यात, तिथे पोचल्यावरच ती आवाज मोकळा सोडते. तोपर्यंत राखून ठेवलेला असतो म्हणून तो एवढा लागतो गं. उद्या हेडफोन लावून फक्त तेवढ्यासाठी ऐक, की ती कुठे कुठे थांबलीय. रडू येईलच, पण कशाने येतंय ते कळेल.

प्रश्न : आपल्या सदरात या गायिकेबद्दल मागे एकदा दोन ओळी आल्या होत्या त्या वाचून नातवाने मला तिची गाणी ऐकवली. आवाज गोड आहे यात वादच नाही. पण सगळी गाणी दुसऱ्यांची! आमच्या सांगलीत गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचे, त्यात लताबाईंची गाणी हुबेहूब म्हणणाऱ्या मुली आम्ही पुष्कळ पाहिल्या. मग हिचं एवढं कौतुक का?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, तुमच्या प्रश्नातच ‘हुबेहूब’ हा शब्द आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे. हुबेहूब म्हणणं ही एक कला आहे, मी तिला कमी लेखत नाही, पण एव्हा कॅसिडी हुबेहूबच्या अगदी उलट दिशेला जाते. तुम्ही कुमार गंधर्व ऐकलेच असतील. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा त्यांचा कार्यक्रम आठवा. पदं सगळी नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, महाराष्ट्राला तोंडपाठ असलेली, आणि कुमारजींनी नाव काय दिलं, तर ‘उमजलेले’. नक्कल नाही केली, मला यात काय दिसलं ते तुमच्यापुढे ठेवतो म्हणाले. एव्हाचं तसंच आहे, फक्त प्रांत वेगळा.

आणि तिकडे जॅझमध्ये तर ही रीतच आहे, जुनी गाणी म्हणजे आपल्या बंदिशींसारखी, प्रत्येकाने घ्यावी आणि आपल्या परीने मांडावी. ‘ऑटम लीव्ह्ज’ घ्या. मुळात हे फ्रेंच गाणं, १९४५ च्या सुमाराचं, जोसेफ कॉस्माची चाल आणि झाक प्रेव्हेरची कविता, नंतर जॉनी मर्सरने त्याला इंग्रजी शब्द दिले, आणि मग शेकडो लोकांनी गायलं-वाजवलं. तरीही एव्हाचं ऐकताना खिडकीबाहेर पानं आत्ता गळतायत असं वाटतं. एखादी चीज सगळे गातात म्हणून आपण मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांची ऐकायची थांबतो का?

तिचं खाजगी आयुष्य बघितलंत तर हे अजून पटेल. अमेरिकेतल्या मेरीलँडमधली मुलगी, वडिलांनी गिटार हातात दिली, पोटासाठी झाडांच्या नर्सरीत कुंड्या-रोपं उचलण्याचं काम करायची, चित्रं काढायची. फार लाजाळू. स्टुडिओत दुसऱ्यांच्या मागे कोरसमधे गायची ती तिथून तिचा आवाज लोकांच्या लक्षात आला. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी विचारलं, पण प्रत्येकाचं एकच, की बाई तू नक्की काय गातेस ते ठरव, लोकगीत की ब्लूज की जॅझ की गॉस्पेल, म्हणजे आम्हाला दुकानात कुठल्या फळीवर ठेवायचं ते कळेल. तिने नाही ठरवलं. तिला सगळंच गायचं होतं, ते गाणं खरं वाटलं पाहिजे एवढीच तिची अट. त्यापायी हयातीत ती वॉशिंग्टनच्या आसपासच्या लोकांनाच काय ती माहीत राहिली. मला तरी हा हट्ट फार मोठा वाटतो.

प्रश्न : ताई, एव्हा कॅसिडीचं कुठून ऐकायला सुरुवात करू? आणि एवढी अज्ञात होती तर मग मेल्यावर एकदम प्रसिद्ध कशी झाली?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘साँगबर्ड’पासून कर, १९९८ चा संग्रह, दहाच गाणी आहेत, एका बैठकीत होतो. मग ‘लाइव्ह अ‍ॅट ब्लूज अ‍ॅली’. तो अल्बम ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेव, कार्यक्रम दोन रात्रींचा होता पण पहिल्या रात्रीचं रेकॉर्डिंग यंत्राच्या दोषाने वायाच गेलं, म्हणजे सगळी भिस्त दुसऱ्या रात्रीवर, आणि त्यात बाईंना सर्दी झालेली. आपला आवाज ऐकून ती नाराज होती, बाहेर काढायला तयार नव्हती. जवळच्यांनी समजूत घातली म्हणून ते आज आपल्याकडे आहे, नाहीतर काय गेलं असतं याचा विचार करवत नाही.

प्रसिद्धीचं म्हणशील तर ती इंग्लंडच्या रेडिओची करामत. बीबीसी रेडिओ टू वर टेरी वोगनच्या सकाळच्या कार्यक्रमात तिची गाणी लागायला लागली, लोकांनी पत्रांवर पत्रं लिहिली की ही कोण. मग २००० च्या शेवटी टीव्हीवर ब्लूज अ‍ॅलीमधली ती साध्या हँडीकॅमवर काढलेली ब्लॅक अँड व्हाइट फिल्म दाखवली, नुसती ती आणि गिटार. २००१ च्या मार्चमध्ये ‘साँगबर्ड’ तिथे पहिल्या नंबरवर, तिला जाऊन चार वर्षं उलटून गेल्यावर. ती फिल्म आधी बघू नकोस, आधी डोळे मिटून ऐक, मग बघ.

प्रश्न : मी डोंबिवलीला सुगमच्या क्लासला जातो, वय १९. येत्या कार्यक्रमात एक जुनं लोकप्रिय भावगीत म्हणायचंय. मला ते थोडं वेगळं म्हणावंसं वाटतं, संथ. सर म्हणतात मूळ गाणं आहे तसंच बसव, एकही जागा इकडची तिकडे नको. मी काय करू?
– एक विद्यार्थी

उत्तर : आधी सरांचं ऐक बाळा. एक-एक जागा, श्वास कुठे घेतलाय तेसुद्धा, सगळं बसव, कारण मोडायचं काय ते हातात असल्याशिवाय मोडता येत नाही. एव्हालाही मूळ गाणी पक्की येत होती.

ते बसलं की घरी एक करून बघ. पेटी-तबला, मोबाईलवरचा ट्रॅक सगळं बाजूला ठेव आणि फक्त शब्द वाच, चाल न लावता, आईला पत्र वाचून दाखवतोस तसे. कुठला शब्द तुझा तुला जड जातो, कुठे आपोआप थांबावंसं वाटतं, तिथे पेन्सिलने खूण कर. मग तानपुऱ्यावर लय निम्मी करून गाऊन बघ. लय कमी केली की दमसास उघडा पडतो, सूर जरा हलला तरी ऐकू येतो, म्हणून सांगते की संथ म्हणणं सोपं नाही, ते जलदपेक्षा अवघड आहे. खुणेच्या जागी नवीन काही घालू नकोस, फक्त थांब. नुसत्या तेवढ्यानेच गाणं तुझं वाटायला लागलं तर सरांना नेऊन ऐकव, भांडण म्हणून नाही, सर हे असं जमतंय का बघा ना म्हणून.

आणि झोपायच्या आधी एकदा एव्हाचं ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ ऐक. लुई आर्मस्ट्राँगचं १९६७ चं गाणं, सगळ्या जगाला माहीत असलेलं. तिने लोकांसमोर गायलेलं शेवटचं गाणं हेच. सप्टेंबर १९९६, मित्रांनी तिच्यासाठी ‘बेयू’ नावाच्या क्लबात कार्यक्रम ठेवला होता, ती वॉकरचा आधार घेत स्टेजवर आली, तेव्हा मात्र तिला सगळं माहीत होतं, आणि समोर आई-वडील, मित्र, बरोबर वाजवणारे, आणि तिने हिरवी झाडं, लाल गुलाब, निळं आभाळ, किती सुंदर आहे हे जग, असं गाणं निवडलं. उपलब्ध आहे ते ब्लूज अ‍ॅलीचं, जानेवारीतलं. दुसऱ्या कडव्याआधी ती किती थांबलीय ते मोज आणि मला लिही.