इंजिनाचा धूर आणि छाती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोयाबीनच्या हंगामात मी हडंब्यावर (मळणी यंत्रावर) पेंढ्या टाकतो. ट्रॅक्टरचा धूर दिवसभर तोंडावर येतो. दुपट्टा बांधतो, तरी रात्री डोकं दुखतं, थुंकी काळी येते. काय करू? (दारव्हा तालुका)

दुपट्ट्यात कुटार म्हणजे भुसा अडकतो, काजळी अडकत नाही. डिझेलच्या काजळीचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात. ते थेट फुफ्फुसातल्या बारीक वायुकोशांपर्यंत जातात आणि अर्धवट जळालेल्या इंधनातली घातक रसायनंही सोबत नेतात. काळी थुंकी म्हणजे नाका-घशानं अडवलेला भाग. त्याच्या पुढे गेलेलं थुंकीत दिसत नाही. डोकं दुखतं ते धुरातल्या वायूंमुळेही, आणि वायू एन-९५ मास्कही अडवत नाही. कण मात्र तो अडवतो, तेही चेहऱ्याला घट्ट बसला तर.

म्हणून माणूस धुरापासून बाजूला करणं हाच खरा उपाय. वारा आडवा येईल अशा बेतानं यंत्र लावा आणि पेंढ्या टाकणारा, पोती धरणारा असे दोघंही वारा येतो त्या बाजूला उभे राहा. दुपारी वारा फिरला, तर बाजू बदला. पोत्यामागे पैसे ठरलेले असल्यानं कोणी थांबायला तयार नसतं हे मी जाणतो, पण ही दहा मिनिटं मालकानं सोसलीच पाहिजेत. इंजिन भकाभका काळा धूर सोडत असेल तर डिझेल पुरतं जळत नाही. हंगामात एअर क्लीनर भुशानं तुंबतो, तो रोज साफ करा. तरीही धूर कमी झाला नाही तर इंजिनात डिझेल फवारणारं नोझल तपासून घ्या.

प्रश्न : वणीजवळच्या उघड्या कोळसा खाणीत मी बरीच वर्षं डंपर चालवतो. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो हे खरं का? (यवतमाळ जिल्हा)

खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्ये हा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवला होता. २०१२ मध्ये त्याला पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंक्तीत बसवलं. त्यामागच्या मोठ्या पुराव्यांपैकी एक अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या १२,३१५ कामगारांचा अभ्यास होता. धूर जितका जास्त आणि जितकी वर्षं, तितका फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. भूमिगत खाणीत धूर कोंडतो, उघड्या खाणीत तो विरतो. त्यामुळे तुमचा धोका तुलनेनं कमी, पण शून्य नाही. शिवाय कोळशाची धूळ आहेच. बिडी ओढत असाल तर आजच सोडा, तुमच्या हातातला सर्वांत मोठा उपाय तोच. केबिनच्या काचा बंद ठेवा, एसीचा फिल्टर बदलून मागा, आणि खाणीतली नियमित आरोग्य तपासणी चुकवू नका. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, थुंकीत रक्त आलं किंवा वजन उतरलं, तर टीबीचीही तपासणी करून घ्या.

प्रश्न : जिनिंगच्या (कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आवारात ट्रक रांगेत इंजिन चालू ठेवूनच उभे असतात. आम्ही हमाल मागे कापसाच्या गाठी चढवतो. (हिंगणघाट)

उभ्या गाडीचं इंजिन बंद, हा नियम फाटकावरच लावून घ्या. त्याला पैसा लागत नाही, उलट डिझेल वाचतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मुकादमाकडे धरून बसा.

प्रश्न : विहिरीचं पाणी खाली गेलं की आम्ही डिझेल इंजिन आतल्या टप्प्यावर उतरवतो. काही धोका? (मोर्शी तालुका)

जिवाचा धोका आहे. कृपा करून असं करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. विहिरीत वारा खेळत नसल्यानं तो साचतो. डोकं गरगरतं, पाय गळतात, आणि शिडी चढायचं बळ उरत नाही. इंजिन बंद केल्यावरही लगेच खाली उतरू नका. इंजिन वरच ठेवा. पाणी त्याच्या ओढीबाहेर गेलं असेल, तर पाण्यात सोडायची विजेची मोटर वापरा.

कोणी आत कोसळलाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, कारण वाचवायला उतरलेलाही तिथेच पडतो. दोर लावलेला असेल तर वरून ओढा, १०८ला फोन करा, अग्निशमन दलाला बोलवा. वर आणल्यावर मोकळ्या हवेत ठेवा आणि दवाखान्यात ‘विहिरीत इंजिन चालू होतं’ हे पहिल्यांदा सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र अशा रोग्यात आकडा चांगला दाखवतं आणि फसवतं. डॉक्टरांना कारण कळलं, तर ते लगेच मास्कनं पूर्ण ऑक्सिजन सुरू करतात.