गोळीबारानंतर पोलीस अधिकारी म्हणतो "दोन गोळ्या झाडल्या", व्हिडिओत पाच दिसतात. तो खोटं बोलतोय असंच समजायचं का?

नाही, नुसत्या तेवढ्यावरून तरी नाही.

मी बरीच वर्षं पोलिसांना शस्त्र चालवायचं शिक्षण दिलं. सरावाच्या गोळ्या वापरून आम्ही प्रसंग उभा करायचो. अंधारा जिना, आरडाओरडा, एकदम अंगावर येणारा माणूस. संपल्या संपल्या विचारायचं, "किती झाडल्यास?" एक पोरगा छातीठोकपणे म्हणाला, "दोन, सर." त्याच्या बुटांपाशी पाच पुंगळ्या पडल्या होत्या. त्याने खाली पाहिलं, वाकून एकेक मोजली आणि त्याचा चेहराच उतरला. तोवर त्याला खरोखर दोनच आठवत होत्या.

मानसशास्त्रज्ञ ॲलेक्सिस आर्टवोल यांनी प्रत्यक्ष गोळीबारातून गेलेल्या १५७ अमेरिकन अधिकाऱ्यांना याबद्दल विचारलं होतं; २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ८४ टक्क्यांना आवाज दबके ऐकू आले होते, ७९ टक्क्यांची नजर एकाच जागी खिळली होती, ५२ टक्क्यांना प्रसंगाचा काही भाग आठवतच नव्हता. जिवावर बेतलं की सगळं लक्ष समोरच्याच्या हाताकडे जातं. ज्याकडे लक्षच गेलं नाही ते मनात नोंदलं जात नाही, मग नंतर आठवणार कुठून?

पण हीच सवलत साक्षीदाराला मिळते का? गोळी लागलेल्याला मिळते का? मला हे फार टोचतं. अधिकाऱ्याची विसंगती "तणावामुळे" आणि घाबरलेल्या पोराच्या जबाबात शर्टाचा रंग चुकला की तो खोटारडा! मेंदू तर दोघांचा सारखाच. २००४ मधल्या एका अभ्यासात धाकदपटशाने चौकशी झालेल्या प्रशिक्षित सैनिकांपैकी ओळख परेडमध्ये ३० टक्क्यांनीच चौकशी करणाऱ्याला बरोबर ओळखलं. तो माणूस त्यांच्या अगदी समोर बसलेला होता.

शिवाय रिकाम्या जागा मेंदू नंतर भरून काढतो, सहकाऱ्यांच्या बोलण्यातून, व्हिडिओ पाहून. म्हणून प्रत्येकाचा जबाब वेगवेगळा, आपसात चर्चा होण्याआधी घ्यायला हवा.

आणि गोळी झाडणं योग्य होतं का, हा प्रश्न अधिकाऱ्याच्या आठवणीवर सोडून चालणार नाही. त्यासाठी पुंगळ्या कुठे पडल्या, जखमा कोणत्या बाजूने आहेत, चित्रीकरणात काय दिसतं, हेच पाहावं लागतं. गोळ्यांचा आकडा चुकला म्हणून मी कुणाला खोटा ठरवणार नाही. मात्र जबाबातली प्रत्येक चूक त्याच्याच सोयीची असेल, तर मी तिथेच थांबून खोदून विचारेन.