अर्गोवरचे वॅट आणि अंगावरचे किलो

प्रश्न : मी पुण्यात कॉलेजच्या संघातून रोइंग करतो. वजन ६२ किलो. अर्गोवर, म्हणजे रोइंगच्या व्यायाम-यंत्रावर, २००० मीटरला मला ७ मिनिटं २० सेकंद लागतात, ८८ किलोच्या मित्राला ७ मिनिटं. वॅटना वजनानं भागलं तर मी पुढे येतो. वजन ५८ वर आणू का?

उत्तर : नको! आकडा सुधारेल, बोट सुधारणार नाही.

तुझा स्प्लिट, म्हणजे दर ५०० मीटरची वेळ, १:५०; म्हणजे २६३ वॅट. त्याचा १:४५, म्हणजे ३०२. स्प्लिटमध्ये फरक फक्त पाच सेकंदांचा, पण ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. किलोमागे तुझे ४.२ वॅट, त्याचे ३.४. मात्र असं सरळ भागायचं ते घाट चढणाऱ्या सायकलपटूनं, कारण त्याला प्रत्येक किलो वर न्यावा लागतो. तुझा भार पाणी पेलतं. वजन वाढलं की बोट जरा जास्त बुडते, पाण्याला घासणारा भाग वाढतो, आणि तो वाढतो साधारण वजनाच्या दोन-तृतीयांश घातानं. कॉन्सेप्ट टू या अर्गोच्या कंपनीचं सूत्र यावरूनच येतं : वजनाला १२२.५ किलोंनी भाग, त्याचा ०.२२२ वा घात काढ, त्यानं वेळेला गुण. तुझी वेळ ६:१८ येते, त्याची ६:३०.

म्हणजे तू पुढेच आहेस, आणि हे कोचना जरूर दाखव. फक्त या सूत्रात बोटीचं वजन धरलेलं नाही. एकेरी स्कल, म्हणजे एकट्यानं दोन वल्ह्यांनी वल्हवायची बोट, किमान १४ किलोची असते आणि ती दोघांनाही तेवढीच ओढायची, म्हणून खरं अंतर १२ सेकंदांपेक्षा कमी भरेल. शिवाय कॅचला, म्हणजे स्ट्रोकच्या सुरुवातीला, वल्ह्याचं पातं उशिरा पाण्यात गेलं तर अर्गोला ते कळत नाही. दोघांना एकाच सीटवर आळीपाळीनं बसवून, बाकीचे तेच ठेवून, शर्यत लावायची विनंती कर.

आता वजन. लाइटवेट पुरुषांची मर्यादा ७२.५ किलो, तू तिच्या खूप खाली आहेस. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेला हा गट २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये नाहीच. उपाशी राहून चार किलो उतरवशील तर त्यात मांड्यांचा स्नायूही जाईल, आणि स्ट्रोकची खरी ताकद तिथूनच येते. उलट नीट जेवून, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट करून ६५ वर जा. तिथे सूत्रानं आजचीच ६:१८ वेळ यायला साधारण २७१ वॅट लागतील, म्हणजे १:४९ च्या किंचित आतला स्प्लिट. त्यावर निघालेला प्रत्येक वॅट बोटीला मिळेल.